बफर सोडायच्या आधी तो कुणाच्या हातात आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पीसीआय कार्डासाठी लिनक्सचा ड्रायव्हर लिहिलाय, मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये टाकता-काढता येणारा तुकडा) लोड होतं, डेटा येतो-जातो, सगळं छान. पण मॉड्यूल काढून परत टाकलं की चार-पाच वेळात एकदा कर्नल ऊप्स (आतल्या चुकीची क्रॅश-नोंद) देतो, प्रोब (कार्ड सापडल्यावर ते तयार करणारं ड्रायव्हरचं फंक्शन) मध्येच फेल झाला तर पुढच्या वेळी रीजन (कार्डाचा पत्त्यांचा पट्टा) बिझी आहे म्हणतो, आणि मशीन रात्रभर चालू ठेवलं तर सकाळी डीएमए मॅपिंगची (कार्डाला थेट मेमरीत लिहिता-वाचता यावं म्हणून बफरचा पत्ता लावून द्यायचं काम) एरर आलेली असते. आणि शेवटी विचारलंय की सगळं डेव्हएम वाल्या (घेतलेल्या गोष्टी आपोआप सोडणाऱ्या) फंक्शनांवर टाकलं तर सुटेल ना?

थोडं सुटेल. सगळं नाही. आणि एक त्रास नवीन सुरू होईल, त्याच्याबद्दल पुढे लिहितो.

आधी हे बघा की ड्रायव्हरमधला बफर (डेटा ठेवायचा मेमरीचा तुकडा) साध्या प्रोग्रॅममधल्या बफरसारखा एकट्याचा नसतो. तिकडे तुम्ही मॅलॉक केलं, वापरलं, फ्री केलं, विषय संपला. इथे एकाच बफरवर एकाच वेळी चौघांचा हात असू शकतो: तुमचा रीड-राइटचा कोड, इंटरप्ट हँडलर (कार्डाने सीपीयूला हाक मारली की चालणारं फंक्शन), मागून चालणारा एखादा टायमर किंवा वर्कक्यूचं (नंतर करायला रांगेत लावलेलं) काम, आणि स्वतः ते कार्ड, जे सीपीयूला न विचारता थेट मेमरीत लिहितं. एमॅप (बफर थेट यूजरच्या प्रोग्रॅमला दाखवायची सोय) दिलं असेल तर पाचवा हात यूजरच्या प्रोग्रॅमचा. केफ्रीला (कर्नलमध्ये जागा सोडायचं फंक्शन) यातलं काहीच कळत नाही. त्याला पत्ता द्या, तो जागा परत घेतो आणि पुढच्या मागणाऱ्याला देऊन टाकतो. ती जागा अजून कोण वापरतंय हे बघणं तुमचं काम, आणि तुमच्या तिन्ही तक्रारी मला तरी या एकाच गोष्टीपाशी येऊन थांबताना दिसतायत.

जागा घ्यायचं पटकन उरकतो कारण ते बहुतेकांना माहीत असतं. केमॅलॉकने (कर्नलमधलं मॅलॉक) दिलेली जागा फिजिकल मेमरीत सलग असते, व्हीमॅलॉकची फक्त व्हर्च्युअल पत्त्यात सलग दिसते, खाली पानं विखुरलेली असतात, त्यामुळे ती डिव्हाइसला एकच पत्ता देऊन चालत नाही. मोठा सलग तुकडा मशीन ताजं असताना मिळतो आणि आठवडाभर चालल्यावर मिळत नाही, म्हणून लागणारे मोठे बफर प्रोबमध्येच घ्या, नंतर लागेल तेव्हा बघू असं करू नका. केव्हीमॅलॉक आधी पहिला मार्ग बघतो आणि जमलं नाही तर दुसरा, पण मग सोडताना केव्हीफ्रीच वापरायचा. इंटरप्टमध्ये किंवा स्पिनलॉक (जो धरून झोपता येत नाही असं कुलूप) धरलेला असताना जीएफपी अटॉमिक हा फ्लॅग, बाकी झोपायला, म्हणजे वाट बघत थांबायला, परवानगी आहे तिथे जीएफपी कर्नल. अटॉमिकवाला राखीव साठ्यातून उचलू शकतो पण तो नाही म्हणायची शक्यता जास्त, त्यामुळे 'हे कधी फेल होत नाही हो' असं म्हणून नल तपासणं गाळू नका.

आणि स्टॅकवरचा अॅरे डीएमएला द्यायचा नाही. हा नियम जुनाच होता पण लोक पाळत नव्हते कारण चालून जायचं. २०१६ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ४.९ कर्नलमध्ये ६४ बिट एक्स८६ वर कर्नल स्टॅक व्हर्च्युअल मॅपिंगवर गेले आणि एकदम कितीतरी यूएसबी ड्रायव्हर कोलमडले, कारण स्टॅकवर चार-आठ बाइटचा अॅरे ठेवून त्याचाच पत्ता कंट्रोल मेसेजला द्यायची सवय सगळ्यांना लागलेली. चार बाइट असले तरी केमॅलॉक करा.

आता तुमची रात्रभराची एरर. ती ओळखीची वाटते कारण माझ्या एका जुन्या कामात हाच प्रकार होता आणि त्यात माझे पाच-सहा दिवस गेले, चूक माझीच होती.

पाकिटं घेणारं कार्ड होतं, रिसीव्हची डिस्क्रिप्टर रिंग (कुठला बफर कुठे आहे हे कार्डाला सांगणाऱ्या नोंदींची गोल यादी), प्रत्येक डिस्क्रिप्टरला २०४८ बाइटचा एक बफर. पाकीट आलं की हँडलर डीएमए अनमॅप सिंगल करायचा, बफर वर पाठवायचा, नवीन बफर घेऊन मॅप करून रिंगमध्ये लावायचा. साधं. फक्त एक फाटा वेगळा होता, पाकिटाच्या स्टेटसमध्ये सीआरसी एररचा (पाकीट खराब आल्याचा) बिट असेल तर मी बफर फेकून द्यायचो, म्हणजे केफ्री करायचो आणि नवीन लावायचो. त्या फाट्यात अनमॅप राहून गेलं होतं. एक ओळ. माझ्या टेबलावरच्या बोर्डात २ जीबी मेमरी, एक्स८६, आयओएमएमयू (डिव्हाइसचे पत्ते बदलून-तपासून देणारं हार्डवेअर) नाही, तिथे अनमॅप केलं काय आणि नाही काय, प्रत्यक्षात काहीच घडत नाही, कारण बफरचा फिजिकल पत्ता तोच डिव्हाइसचा पत्ता असतो आणि कॅश हार्डवेअरच सांभाळतं. महिनाभर टेस्ट केलं, एकदम स्वच्छ.

ज्या मशीनवर ते शेवटी लागलं त्यात मेमरी भरपूर होती आणि कार्ड मात्र ३२ बिट पत्त्याचं. म्हणजे ४ जीबीच्या वरचा बफर कार्डाला दिसतच नाही, मग कर्नल मधे एक बाउन्स बफर घालतो, कार्ड तिथे लिहितं आणि अनमॅप किंवा सिंकच्या वेळी डेटा खऱ्या बफरमध्ये कॉपी होतो. याला एसडब्ल्यूआयओटीएलबी म्हणतात, त्याची जागा डिफॉल्ट ६४ एमबी, २ केबीच्या खणांमध्ये विभागलेली, म्हणजे ३२७६८ खण. आता माझ्या विसरलेल्या ओळीमुळे प्रत्येक खराब पाकिटामागे एक खण कायमचा अडकत होता. त्या केबलवर सरासरी सेकंदाला एखादं खराब पाकीट यायचं. ३२७६८ सेकंद म्हणजे नऊ तास आणि सहा मिनिटं. संध्याकाळी चालू करून घरी जायचं आणि सकाळी येऊन बघायचं तर लॉगमध्ये बफर फुल आहे, एकूण ३२७६८ खण, वापरलेले ३२७६८ खण.

आणि गंमत अशी की मेमरी लीक शोधायची साधनं सगळी गप्प. केमेमलीकने काही दाखवलं नाही कारण बफर मी खरंच फ्री केला होता, लीक झालं होतं ते मॅपिंग. फ्री मेमरीचा आकडा पण ठणठणीत. आम्ही काय केलं, तर बूटच्या वेळी एसडब्ल्यूआयओटीएलबीची जागा दुप्पट करून दिली. रोग म्हशीला, इलाज पखालीला. नऊ तासांचे अठरा तास झाले एवढंच, आणि उलट शोधणं अवघड झालं कारण आता वाट जास्त बघावी लागायची. शेवटी डीएमए एपीआय डीबग हा कर्नलचा पर्याय चालू करून मॉड्यूल काढलं तेव्हा त्याने स्वच्छ सांगितलं की डिव्हाइस सोडताना इतकी डीएमए मॅपिंग बाकी आहेत, आणि मॅप कुठल्या फंक्शनमध्ये केलं तेही. पाच मिनिटांचं काम होतं. हा पर्याय २००९ पासून कर्नलमध्ये आहे, माझ्याच डोक्यात आला नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो, तुमच्या कोडमध्ये जिथे जिथे मॅप आहे तिथून बफर बाहेर पडायचे सगळे रस्ते कागदावर काढा. नेहमीचा रस्ता बरोबरच असतो, तो रोज हजारदा चालतो. घोडं पेंड खातं ते एररच्या फाट्यात, टाइमआउटच्या फाट्यात, आणि रिसेट करून रिंग परत भरतो त्या फाट्यात. अनमॅप करताना तीच साइज आणि तीच दिशा द्यायची जी मॅपला दिली होती, त्यासाठी डीएमए पत्ता आणि लांबी तुमच्या स्वतःच्या स्ट्रक्चरमध्ये जपून ठेवा, डिस्क्रिप्टरमधून परत वाचू नका, काही कार्डं काम झाल्यावर त्याच जागी स्टेटस लिहितात आणि मग तुम्ही भलताच पत्ता अनमॅप करता. आणि मॅप केल्यावर डीएमए मॅपिंग एरर तपासा. नुसतं शून्याशी ताडून बघू नका, काही मशीनवर शून्य हा चालणारा पत्ता असतो.

रिसीव्हमध्ये अजून एक सवय लावून घ्या. नवीन बफर आधी घ्या, मॅप करा, आणि तो नीट मिळाला तरच जुना वर पाठवा. मिळाला नाही तर आलेलं पाकीट सोडून द्या आणि जुनाच बफर परत रिंगमध्ये लावा. उलटं केलं, म्हणजे आधी जुना देऊन टाकला आणि नवीन मिळाला नाही, की रिंगमध्ये भोक पडतं. मेमरीची टंचाई दोन सेकंदांत संपते पण कार्ड कायमचं मुकं होतं, कारण भरायला बोलावणारा इंटरप्टच येत नाही.

कॅशचं एक सांगतो, एक्स८६ वरच काम करत असाल तर सोडून द्या. ज्या मशीनवर डीएमए आणि कॅश आपोआप जुळत नाहीत, बरेच एआरएम बोर्ड तसे असतात, तिथे बफर स्ट्रक्चरच्या आत दुसऱ्या फील्डला चिकटून ठेवू नका. समजा ३२ बाइटचा बफर आणि लगेच पुढे एक काउंटर, दोघं एकाच ६४ बाइटच्या कॅश लाइनवर. कार्ड मेमरीत डेटा लिहितंय, तेवढ्यात तुमच्या कोडने काउंटर वाढवला, ती लाइन कॅशमध्ये डर्टी झाली, नंतर ती मेमरीत परत लिहिली गेली आणि कार्डाने नुकताच लिहिलेला डेटा जुन्या डेटाखाली गाडला गेला. कोड वाचून हे कधीच दिसत नाही. बफर वेगळा केमॅलॉक करा, तो योग्य हद्दीवर मिळतो. आणि अनमॅप न करता तोच बफर पुन्हा पुन्हा वापरत असाल तर वाचायच्या आधी सिंक फॉर सीपीयू, परत द्यायच्या आधी सिंक फॉर डिव्हाइस. मॅप ते अनमॅप या मधल्या काळात, सिंक न करता, बफरला हात लावायचा नाही, तो तुमचा नाहीच तेव्हा.

अर्धवट प्रोबवर येतो. प्रोबमध्ये सहा पायऱ्या असतील आणि पाचवी फेल झाली तर चार, तीन, दोन, एक अशा उलट क्रमाने सोडत बाहेर पडायचं, गोटू वापरून. गोटूला नाकं मुरडणारे भरपूर भेटतात पण कर्नलमध्ये हीच पद्धत आहे आणि वाचायला सोपी आहे, फक्त लेबलांना नावं नीट द्या. एरर१, एरर२ नको. 'रीजन सोडा', 'रिंग सोडा' असं काय करायचंय ते सांगणारं नाव द्या, म्हणजे मधे एक पायरी वाढवली की आकडे सरकवताना चूक होत नाही. तुमची रीजन बिझी वाली तक्रार शंभर टक्के कुठल्यातरी फाट्यात नुसतं रिटर्न लिहिलेलं आहे म्हणून. ते रिटर्न शोधा. बहुतेक वेळा ते नंतर घुसवलेल्या तपासणीत सापडतं, फर्मवेअरची आवृत्ती बघा, जुनी असेल तर एरर देऊन परत जा, असं काहीतरी.

इंटरप्ट मागायची पायरी जितकी शेवटी नेता येईल तितकी न्या. रिक्वेस्ट आयआरक्यू परत यायच्या आतच तुमचा हँडलर चालू होऊ शकतो, लाइन शेअर्ड असेल तर शेजारच्या डिव्हाइसमुळे पण. तेव्हा स्पिनलॉक तयार नाही, रिंगचा पॉइंटर नल, आणि मग लोक म्हणतात 'कधीकधीच होतं हो'. सोडताना हेच उलटं. कर्नलच्या डीबग पर्यायांमध्ये शेअर्ड इंटरप्टसाठी एक पर्याय आहे जो फ्री आयआरक्यूच्या वेळी मुद्दाम तुमचा हँडलर एकदा चालवून बघतो, अशा चुका पकडायलाच केलाय, तो चालू ठेवा.

जी रजिस्टर फंक्शनं स्वतः रेफरन्स काउंट (किती जण वापरतायत त्याची मोजणी) धरतात तिथे अजून एक खड्डा आहे. डिव्हाइस रजिस्टर फेल झालं म्हणून लोक सरळ केफ्री करतात. चूक. त्या फंक्शनला हात लावला की मग ते स्ट्रक्चर काउंटच्या ताब्यात गेलं, फेल झालं तरी पुट डिव्हाइसच करायचं, मग त्याचा रिलीज कॉलबॅक जागा सोडतो. स्वतः केफ्री केलंत तर आतलं नाव वगैरे लीक होतं, आणि दोन्ही केलंत तर डबल फ्री.

आता रिमूव्ह (ड्रायव्हर काढताना चालणारं फंक्शन), जिथून तुमचा ऊप्स येतोय. इथे क्रम म्हणजे सर्व काही. आधी नवीन काम यायचं दार बंद, मग चालू असलेले सगळे थांबवायचे, ते खरंच थांबले याची वाट बघायची, आणि मगच मेमरी. माझा स्वतःचा क्रम असा: वरून येणारा रस्ता बंद, म्हणजे नेटवर्क असेल तर अनरजिस्टर, कॅरेक्टर डिव्हाइस असेल तर तो काढा. मग कार्डाला सांगा की डीएमए थांबव. मग कार्डावरचे इंटरप्ट बंद करून फ्री आयआरक्यू, ते चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबतं. मग टायमर आणि वर्क. मग अनमॅप, मग रिंग, मग बाकी.

कार्डाला थांबवणं दिसतं तेवढं साधं नसतं. तुम्ही कंट्रोल रजिस्टरमध्ये थांबायचा बिट लिहिलात आणि पुढच्या ओळीत रिंग फ्री केलीत. पण पीसीआयवरचं लिहिणं पोस्टेड असतं, सीपीयूने पाठवलं आणि तो पुढे गेला, कार्डापर्यंत पोचलं की नाही त्याला पत्ता नाही. म्हणून लिहिल्यावर तेच रजिस्टर एकदा परत वाचा, वाचणं पूर्ण व्हायला आधीचं लिहिणं पोचावंच लागतं. आणि पोचलं तरी कार्डाच्या पोटात अर्धवट पाकीट असू शकतं, म्हणून आयडलचा बिट येईपर्यंत मर्यादित वेळ पोल करा. नाहीच आला तर पीसीआय क्लिअर मास्टर करून त्याचा बसवर बोलायचा हक्कच काढून घ्या. हे करून न घेता फ्री केलेल्या पानात कार्ड लिहीत राहिलं तर ते पान तोवर दुसऱ्या कुणाला गेलेलं असतं, आणि ऊप्स येतो फाइलसिस्टीममध्ये. चोर सोडून संन्याशाला फाशी. फाइलसिस्टीमवाले बिचारे आठवडाभर आपला कोड वाचत बसतात. केएएसएएन सुद्धा इथे कामाचा नाही, तो कंपाइल केलेल्या कोडचं लिहिणं-वाचणं तपासतो, कार्डाचं नाही. आयओएमएमयू चालू असेल आणि मोड स्ट्रिक्ट असेल तर अनमॅप केलेल्या पत्त्यावरचं लिहिणं अडतं आणि लॉगमध्ये फॉल्ट येतो, म्हणून तरी टेस्टिंगच्या मशीनवर तो चालू ठेवा.

शटडाउनचा कॉलबॅक पण विसरू नका. केएक्सेकने (मशीन पूर्ण रीबूट न करता) नवीन कर्नल उठतो तेव्हा रिमूव्ह चालत नाही, शटडाउन चालतो. तो रिकामा असेल तर जुन्या कर्नलने लावलेलं कार्ड नव्या कर्नलच्या मेमरीत खुशाल लिहीत बसू शकतं.

टायमर आणि वर्क एकमेकांना उठवत असतील, म्हणजे टायमर वर्क लावतो आणि वर्क संपताना टायमर परत लावतं, तर कुठल्याही क्रमाने थांबवा, फट राहते. टायमर मारला, तेवढ्यात चालू असलेल्या वर्कने तो पुन्हा लावला. वर्क आधी मारलं तर टायमरने परत लावलं. पूर्वी यासाठी 'बंद होतोय' असा एक फ्लॅग ठेवून दोन्हीकडे तपासावा लागायचा आणि तो लॉकखाली नसला की परत फट. ६.२ कर्नलपासून टायमर शटडाउन सिंक आहे, त्याने टायमर मारला की नंतर कुणी लावायचा प्रयत्न केला तरी गुपचूप दुर्लक्ष होतं. आधी तो, मग कॅन्सल वर्क सिंक. फक्त कॅन्सल वर्क सिंक एखादा लॉक धरून बोलावू नका जो ते वर्क स्वतः मागतं, दोघं एकमेकांची वाट बघत बसतील आणि तुम्ही स्क्रीनकडे.

आता तुमचं डेव्हएम. ही सोय २००७ मध्ये २.६.२१ कर्नलला आली. प्रोबमध्ये डेव्हएमने घेतलेली प्रत्येक गोष्ट कर्नल डिव्हाइसच्या यादीत लिहून ठेवतो आणि प्रोब फेल झाला किंवा ड्रायव्हर सुटला की यादी उलट क्रमाने मोकळी करतो. म्हणजे रीजन बिझी वाला तुमचा त्रास यानेच जाईल, आणि अर्धे गोटू पण. मी स्वतः नवीन कोडमध्ये वापरतो. पण दोन ठिकाणी ते माणसाला गाफील करतं.

पहिलं, सरमिसळ. यादी मोकळी होते रिमूव्ह संपल्यावर. तुम्ही इंटरप्ट डेव्हएमने घेतला आणि रिंग हाताने, तर रिमूव्हमध्ये रिंग फ्री झाली तेव्हा इंटरप्ट अजून जिवंत आहे. त्या दोन क्षणांच्या मधे इंटरप्ट आला की ऊप्स. तुमचा चार-पाच वेळात एकदा येणारा ऊप्स मला याच जातीचा वाटतो. एकतर सगळं डेव्हएमने घ्या, किंवा जिथे हाताने सोडायची गोष्ट आली तिथून पुढचं सगळं हाताने. तुमची स्वतःची सोडायची क्रिया यादीत घालायला डेव्हएम अॅड अॅक्शन ऑर रिसेट आहे, कार्ड थांबवायचं फंक्शन त्यात द्या, रिंग घेतल्यावर आणि इंटरप्ट मागायच्या आधी. मग सोडताना आधी इंटरप्ट जाईल, मग कार्ड थांबेल, मग रिंग जाईल. माझ्या वरच्या क्रमात कार्ड आधी आणि इंटरप्ट नंतर होतं, इथे उलटं झालं, पण चालतं, कारण दोन्हीकडे रिंग शेवटीच जाते. लाइन शेअर्ड असेल तर मात्र कार्डावरचे इंटरप्ट रिमूव्हमध्येच बंद करा, नाहीतर हँडलर गेल्यावर कार्ड लाइन ओढत राहील आणि त्रास शेजाऱ्याला. डीएमएचे बफर थांबवायच्या क्रियेच्या आधी घेतलेले असले म्हणजे झालं.

दुसरं, आयुष्य. डेव्हएमची मेमरी डिव्हाइस आणि ड्रायव्हर जोडलेले आहेत तोवरच जगते. पण उघडी फाइल त्याहून जास्त जगू शकते. प्रोग्रॅमने तुमची डिव्हाइस फाइल उघडून ठेवलीय, कुणीतरी कार्ड काढलं किंवा अनबाइंड केलं (ड्रायव्हर कार्डापासून सोडवला), डेव्हएमने प्रायव्हेट स्ट्रक्चर फ्री केलं, आणि मग त्या प्रोग्रॅमने क्लोज केलं. तुमचा रिलीज कॉलबॅक त्या फ्री झालेल्या स्ट्रक्चरमधला लॉक घ्यायला जातो. यूएसबीवर हे रोजचं आहे कारण लोक सरळ उपटतात. अशा स्ट्रक्चरला डेव्हएम नको, साधं केझॅलॉक (शून्य भरून जागा देणारं केमॅलॉक) आणि केरेफ: प्रोबचा एक काउंट, प्रत्येक ओपनचा एक, जो शेवटी सोडेल तो जागा मोकळी करेल. शिवाय स्ट्रक्चरमध्ये 'कार्ड गेलं' असा फ्लॅग, लॉकखाली, आणि प्रत्येक रीड, राइट, आयऑक्टलच्या सुरुवातीला तो बघून नो डिव्हाइसची एरर. रिमूव्हला 'आत्ता नको, फाइल उघडी आहे' असं म्हणायची सोय नाही हे लक्षात घ्या, हार्डवेअर गेलंय, परवानगी कोण मागतंय.

एमॅप देत असाल तर तिथेही हाच प्रश्न, जरा जास्त वाईट. रीमॅप पीएफएन रेंज पानांवर रेफरन्स घेत नाही. तुम्ही बफर सोडला आणि प्रोग्रॅमकडे मॅपिंग राहिलं, तर ते पान उद्या दुसऱ्याच प्रोसेसचं झाल्यावरही याला वाचता येतं, लिहिता पण येतं. हा नुसता क्रॅश नाही, सिक्युरिटीचं भोक आहे. बफर मॅपिंगच्या ओपन-क्लोज कॉलबॅकमधून मोजा आणि शेवटचं बंद झाल्यावरच सोडा, आणि यूजरला दिसणारी जागा शून्य करून द्या, आधी कुणाचा काय डेटा होता तिथे सांगता येत नाही. उलट दिशेने, यूजरचीच पानं घेऊन डीएमए करायचा असेल तर पिन यूजर पेजेस, आणि सोडताना त्यात कार्डाने लिहिलं असेल तर डर्टीवालं अनपिन, नाहीतर मागे फाइल असलेल्या पानातला डेटा डिस्कवर न जाताच गळू शकतो.

कंपायलरच्या मदतीने स्कोप संपला की आपोआप सोडणारी मॅक्रो २०२३ मध्ये ६.५ कर्नलला आली, फंक्शनच्या आतल्या तात्पुरत्या बफरला आणि लॉकला ती झकास आहेत. पण पत्ता एकदा कार्डाच्या रजिस्टरमध्ये लिहिला की कंपायलरची नजर तिथे संपते.

विंडोजचं एक वाक्य, कारण मी दोन्हीकडे काम केलंय. तिकडे पूल मेमरी घेताना चार अक्षरी टॅग द्यावा लागतो, आणि ड्रायव्हर व्हेरिफायर लावून ड्रायव्हर अनलोड केला की काही बाकी राहिलं असेल तर मशीन तिथेच सी४ कोडने पडतं. कडक आहे. पण शिस्त लागते. ज्यांनी तिकडे वर्षभर काढलंय ते लिनक्सवर आल्यावर सोडायचा क्रम आधी लिहितात आणि प्रोब नंतर.

आता तुम्ही काय करायचं. डीबग कर्नल बांधा, त्यात केएएसएएन, केमेमलीक, डीएमए एपीआय डीबग आणि फॉल्ट इंजेक्शन (मुद्दाम वाटप फेल करायची सोय). केएएसएएनला मेमरीचा आठवा हिस्सा सावलीसाठी लागतो आणि मशीन मंदावतं, टेस्टला चालतं. तो नसेल तर निदान स्लबचं पॉयझनिंग (फ्री झालेल्या जागेत ठरलेला आकडा भरणं) चालू करा, ऊप्समध्ये रजिस्टरांत ६बी ६बी ६बी अशी रांग दिसली की समजा फ्री झालेल्या जागेतला पॉइंटर वापरलाय. मग सिसएफएसमधून (/sys खालच्या फाइलींमधून) अनबाइंड-बाइंडचा लूप लावा, पाचशे वेळा, पण रिकाम्या कार्डावर नाही, ट्रॅफिक चालू ठेवून आणि एक प्रोग्रॅम फाइल उघडून बसलेला ठेवून. नंतर फेलस्लॅबने प्रोबमधलं पहिलं वाटप फेल करा, मग दुसरं, मग तिसरं, असं शेवटपर्यंत, आणि प्रत्येक वेळी पुढचा नेहमीचा प्रोब यशस्वी होतो का बघा. तुमचं ते हरवलेलं रिटर्न इथे दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच सापडेल. केमेमलीक दर दहा मिनिटांनी स्वतः स्कॅन करतो पण तुम्ही लूप संपल्यावर हाताने स्कॅन द्या, आणि दोनदा द्या, पहिल्या स्कॅनमध्ये खोटे संशयित बरेच येतात.

रात्रीच्या एररसाठी आधी लॉगमधली ती पूर्ण ओळ बघा. त्यात वापरलेले खण एकूण खणांइतके असतील तर मॅपिंग लीक आहे आणि माझ्यासारखं जागा वाढवायच्या नादी लागू नका. वापरलेले बरेच कमी असूनही एरर असेल तर बहुतेक तुम्ही एकाच मॅपमध्ये फार मोठा तुकडा मागताय, एका मॅपला सलग १२८ खण म्हणजे २५६ केबी हीच मर्यादा आहे, तो तोडून स्कॅटर-गॅदरने (तुकड्यांची यादी करून) द्यावा लागेल.